कालच्या दह्याचा चमचा

गिरिजाक्का मिठारीला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी नीट मोजून घेऊ, म्हणजे पुढं तिला नावं ठेवताना कुणाची जीभ अडखळायला नको. दह्याला दुप्पट दर, हा पहिला फायदा. पण दराचं तिला फारसं नव्हतं. एकट्या विधवा बाईला लागतं किती? दुसरा फायदा म्हणजे मडक्याच्या झाकणावर तिचं नाव आणि फोटो. फोटोत ती डोक्यावर पदर घेऊन अशी हसली होती, की मठगल्लीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, हे हसू लग्नात कुठं ठिवलं होतंसा?" तिसरा फायदा करारात कुठंच लिहिला नव्हता आणि अक्काच्या लेखी खरा फायदा तेवढाच होता. हेरलगीहून पुण्याला मडकी न्यायला कंपनीला गाडी लागणार होती, गाडीला ड्रायव्हर लागणार होता, आणि अक्काचा एकुलता एक मुलगा बसवराज पुण्याच्या कुठल्याशा गोदामात खोकी उचलत होता. तो घरी येणार होता. बाकी दहीबिही सगळं निमित्त.

हेरलगी हे कृष्णेच्या काठचं, कुरुंदवाडच्या अंगाचं गाव. इथं मठगल्लीत घरटी म्हशी आणि घरटी मडक्यातलं दही. सुरीनं कापावं असं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे दही हवं होतं. पण मधल्या काळात त्यांनी दह्याच्या नावाखाली इतकं काय काय खाल्लं होतं, की आता त्यांचा डोळ्यांवरही विश्वास राहिला नव्हता. मडकं कुठलं, म्हैस कुणाची, दूध काढणारी बाई कोण, हे सगळं झाकणावर फोन धरला की दिसायला हवं. हा विश्वास विकायला 'मूळघर' नावाची कंपनी निघाली होती. तिच्या वतीनं केतकी इनामदार ही पुण्याची तरतरीत मुलगी गावात आली आणि मठाच्या सोप्यावर सगळ्या बायकांना बसवून तिनं कंपनीची नोंदींची साखळी समजावून सांगितली.

"तुम्ही दही कसं लावता?" तिनं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. अक्काची भिंतीला भिंत लागून शेजारीण रत्ना तोडकर म्हणाली, "म्याडम, एवढं शिकलासा आन दही लावायचं राहिलं व्हय?"

"सांगा तर."

"कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात. झालं."

"साखळी अगदी तश्शीच," केतकी म्हणाली. "ही एक नोंदवही समजा. रोज नवीन पान. प्रत्येक पानावर कालच्या पानाचा एक चमचा घातलेला असतो. म्हणजे कालचं सगळं पान गणितानं घुसळून त्याचा एक आकडा काढायचा आणि तो आजच्या पानात मिसळायचा. परवाच्या पानावरचं एक अक्षर कुणी बदललं, तर कालचा आकडा चुकतो, आजचा चुकतो, सगळं दही नासतं. शिवाय ही वही एकाच कपाटात नसते. हजारो ठिकाणी तिच्या प्रती असतात आणि त्या सतत एकमेकींशी ताडून बघतात. एक प्रत खोटी बोलली की बाकीच्या तिला पंगतीतून उठवतात."

"मग चुकून काय लिवलं गेलं तर? खोडायचं कसं?"

"खोडता येत नाही. पुढं दुसरी नोंद जोडता येते, बस."

"आमच्या सासूच्या बोलण्यागत झालं हे," रत्ना म्हणाली. "बोललेलं परत घ्यायचं न्हाई, वर आणखी जोडायचं." सासू पुढच्याच रांगेत बसली होती. तीही हसली.

दुसरी गोष्ट केतकीनं जरा घाईत सांगितली, आणि घोटाळा झाला तो तिथंच. दही म्हणजे जिवाणूंची वस्ती. वर्षानुवर्षं एकाच घरात वाढलेल्या जिवाणूंची जनुकं हळूहळू बदलत जातात आणि त्या घराची एक खूण तयार होते. काडेपेटीएवढ्या यंत्रात दह्याचा थेंब टाकला की ती खूण वाचता येते. लेबल फाडलं, मडकं बदललं, तरी दही आपलं घर सांगतं. पूर्ण वाचन महाग पडतं म्हणून ते तक्रार आली तरच करायचं. नोंदणीपुरता नुसता जबाब पुरे.

"तर तुमचं विरजण कुठलं?" तिनं एकेकीला विचारलं.

"घरचं," प्रत्येकीनं सांगितलं आणि अंगठा टेकवला.

कुणीही खोटं बोललं नव्हतं. विरजण नासलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, शेजारणीनं नाही म्हणायचं नाही, घेणारीनं परत करायचं नाही आणि कुणी आभार मानायचे नाहीत. दिवेलागणीनंतर तेवढं मागायचं नाही, हा एकच नियम. अशा वस्तूला कुणी 'मागून आणलेली' म्हणतं का? वाटीत पडलं की ते घरचं. आता त्यातलं बहुतेक विरजण फिरून फिरून अक्काच्या मडक्यातलं होतं, हे खरं. ते तिनं लग्नात गडहिंग्लजहून आईकडून पितळी डबीतून आणलं होतं. पण कुणाकुणाला दिलं हे अक्कालाही सांगता आलं नसतं, आणि तिला तसं कुणी विचारलंही नाही.

*

बसू आला. गोदामानं त्याची पाठ थोडी वाकवली होती, ती अक्काच्या भाकरीनं सरळ केली. विजेवर चालणारी पांढरी गाडी, मागं थंड कप्पा, दारावर आईचा फोटो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला आंबट चालत नाही, म्हणून दही जेमतेम लागलं की कोवळं असतानाच मडकं गाडीत चढायचं आणि तिथून पुढं थंडीतच राहायचं. थंडी राहिली की नाही हे बघायला कप्प्यात शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र असे. तेही सतत साखळीत लिहीत राही. गल्ली त्याला बटणच म्हणे.

पहाटे गाडी निघताना बसूला रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास भरून बर्फ लागायचा.

"एवढा बर्फ?" अक्का म्हणाली. "ताक पितोस का आंघोळ करतोस त्यात?"

"उन्हाळा हाय आई."

"पावसाळ्यातबी नेतोस की."

"पुण्यात पावसाळ्यातबी उन्हाळाच असतोय."

अक्का खूश. मुलगा गार ताक पितो, चहाबिडीच्या नादी लागत नाही. तिनं फ्रिजचा वरचा कप्पा पुरा बर्फाला दिला. झोपण्यापूर्वी वाट्यांत पाणी लावून ठेवायचं, जसं दही लावून ठेवायचं तसंच. रत्ना एकदा भिंतीवरून म्हणाली, "अक्का, पोराला बर्फ पुरवतासा का लग्नाची आईस्क्रीम करतासा?" अक्का म्हणाली, "तुझी का जळती? तुझा नवरा तर घोटभर पाण्यालाबी घरी थांबत न्हाई." आणि भिंतीवरूनच वाटीभर साय देऊन तिनं ते मिटवलं.

दीड वर्ष असं सुखाचं गेलं. अशा सुखाला जमेच्या बाजूला मांडताना पेन्सिलीनं मांडावं, शाईनं नव्हे.

*

वैशाखात पुण्यात एका घरी डोहाळजेवण होतं. पाहुण्यांना दहीभात वाढला. मठगल्लीतल्या पाच-सहा घरांची मडकी होती. दिवेलागणीच्या आत निम्मे पाहुणे ओकत होते. ज्या मुलीचं डोहाळजेवण होतं ती वाचली, बाळ राहिलं नाही. नाशिकहून नातसुनेचं कौतुक बघायला आलेली आजेसासू तिसऱ्या दिवशी गेली.

उरलेल्या दह्याचं आणि कंपनीला दही देणाऱ्या बाकी सगळ्या घरांच्या विरजणाचं पूर्ण वाचन झालं आणि केतकी परत मठाच्या सोप्यावर येऊन बसली. या वेळी तिच्या बोलण्यात चमचा नव्हता. तिनं भिंतीवर एक चित्र पाडलं. मधोमध एक ठिपका, त्यातून निघालेल्या रेघा, रेघांच्या टोकांना आणखी ठिपके. वडाच्या झाडाला वरून बघावं तसं.

"मधला ठिपका म्हणजे गिरिजा मिठारी," ती म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्या घरांची खूण एकच आहे. कुणाचं कुणाकडून गेलं, ते जनुकांतल्या बदलांवरून काढता येतं. तुम्ही प्रत्येकीनं वेगळं मूळ म्हणून नोंदवलं होतं."

बायका चित्राकडे बघत राहिल्या. रत्ना होती, रत्नाची सासू माहेरी घेऊन गेली तीही फांदी होती. कोपऱ्यावरची सुगंधा घेवारे, जिनं पाण्याच्या नळावरून दहा वर्षं अक्काशी अबोला धरला होता, तिचाही ठिपका त्याच झाडावर लोंबत होता. म्हणजे तिनं दुसरीकडून का होईना अक्काचंच नेलं होतं. एरवी यावर महिनाभर हसणं झालं असतं. अक्कानं आयुष्यात जे काही दिलं त्याची एवढी व्यवस्थित मांडणी आजवर कुणी केली नव्हती, आणि केली ती रोगाचा नकाशा म्हणून.

"पण म्याडम, विरजणानं माणूस मरतंय व्हय?" सुगंधा म्हणाली. "आमी रोज खातोय."

"विष करणारे जंतू हाताबोटांवरून येतात. दही नीट आणि लवकर लागलं तर आंबटपणात ते वाढत नाहीत. विरजण दुबळं झालं असेल, किंवा त्यातच ते शिरले असतील, तर वाढतात. आता बघा, म्हशी वेगळ्या, दूध वेगळं, हात वेगळे. सगळ्या मडक्यांत दोनच गोष्टी सारख्या होत्या. एक गाडी, एक विरजण. गाडीची थंडी साखळीत आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत चोख. मग उरलं काय?"

केतकीनं भिंतीवरचं चित्र मिटवलं.

"उद्या दुपारपर्यंत आक्षेप नोंदवता येईल. त्यानंतर दोष विरजणावर लिहून पान बंद होईल आणि गल्लीचा दर्जा उतरेल." मग जरा खालच्या आवाजात, "मलाही वाईट वाटतंय, अक्का." तिला खरंच वाटत होतं. वाईट वाटायला साखळीत रकाना नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गाडीत चढली. गाडी दोन दिवस दारात उभी होती. बसू घरात पांघरूण ओढून पडला होता, आणि थर्मासातलं ताक नासून वास मारत असेल, तो घासून ठेवावा, एवढाच तिचा विचार होता. हात रिकामे ठेवले की तिला ते झाड दिसत होतं.

थर्मासाला ताकाचा वास नव्हता. झाकणाला लोणी नव्हतं, चिकटा नव्हता. आत वितळलेल्या बर्फाचं स्वच्छ पाणी होतं, आणि पाण्यात रबर लावून बांधलेली प्लास्टिकची छोटी पिशवी. पिशवीत बटण.

पिशवी हातात धरूनच ती गाडीतून उतरली. मग आत गेली.

"बसू, ह्यात ताक कधी होतंच न्हाई व्हय?"

बसूनं पांघरूण काढलं नाही. आतूनच म्हणाला, "मागचं थंड चालू ठिवलं तर चार्जिंग पुण्यापतुर पुरत न्हाई आई. मधी थांबायचं म्हटलं की उशीर. उशिराला दंड. चारदा उशीर झाला की गाडी काढून घेत्यात."

"मग?"

"मग काय? परत गोदाम." पांघरूण आणखी ओढून म्हणाला, "सगळी पोरं करत्यात. कुणी बर्फात ठिवतंय, कुणी कुल्फीच्या डब्यात. ढाब्यावर एकानं दाखिवलं."

"आन दही?"

"जरा आंबट व्हईल म्हटलं. दीड वर्ष कुणाला काय झालं काय? त्या दिवशी ऊनच तसलं होतं." पांघरुणाच्या आत तो रडत होता की नाही ते कळत नव्हतं. "सांगू का जाऊन म्याडमला? तू म्हण, मी सांगतो."

आता अक्कापुढं दोन पारडी होती, आणि तिला वाचता येणारं गणित तेवढंच होतं. एकीकडं गल्ली: रत्नाच्या कर्ज काढून घेतलेल्या दोन म्हशी, सुगंधाचा नवीन गोठा, चाळीस चुली. दुसरीकडं पोलीस, एका म्हातारीचा आणि एका न जन्मलेल्या जिवाचा जाब, आणि पांघरुणाखालचं हे एवढंसं गाठोडं. बर्फ कुणी लावून दिला होता, हेही तिला विसरता येत नव्हतं.

"तू कुठं जाऊ नगंस," ती म्हणाली.

तिनं पिशवी सोडवली, पदरानं बटण कोरडं केलं आणि गाडीच्या कप्प्यात पत्र्यावर त्याची जागा होती तिथं दाबून बसवलं. थर्मास घासून उन्हात पालथा घातला.

*

दुपारी मठाच्या सोप्यावर केतकीनं विचारलं, कुणाचा काही आक्षेप?

रत्ना उभी राहिली. तिनं आधी अक्काकडं बघितलं, कारण ती अक्काच्या बाजूनंच बोलणार होती. "म्याडम, अक्काच्या विरजणाला नावं ठिवू नगासा. माझ्या लग्नापास्नं खातोय आमी ते. माझं म्हणणं, गाडीचं बघा. यंत्र म्हणतंय थंड होती, पर यंत्राला काय कळतंय? एकदा गाडी उघडून बघा की."

सोप्यावर चुळबूळ झाली. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. केतकीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, आशा दिसली. ती म्हणाली, "गाडीबद्दल कुणाला काही प्रत्यक्ष माहिती आहे का? एका माणसाची नोंद पुरे. मग मी चौकशी लावू शकते."

खांबाला टेकून बसलेला बसू फरशीकडं बघत होता.

"गाडी थंड हुती," अक्का म्हणाली. "साखळीत हाय की. मी रोज हात लावून बघत हुते."

रत्ना उभीच राहिली. तिला यातलं काही कळलं असेल असं नाही. पण भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बाईला शेजारणीचा आवाज कुठल्या मडक्यातून येतो ते ओळखू येतं. "मग अक्का," ती हळू म्हणाली, "तुमच्याच विरजणात काय होतं ते तरी सांगा."

अक्कानं सांगितलं नाही. पान बंद झालं.

*

कंपनीची माणसं आली आणि त्यांनी घराघरातल्या, रत्नाच्या सासूच्या माहेरच्याही, मडक्यांत क्लोरीनचं पाणी ओतलं. एकाच दिवशी सगळीकडं, कारण एक वाटी कुठं मागं राहिली असती तर झाड पुन्हा फुटलं असतं. पितळी डबीतून गडहिंग्लजहून आलेलं ते विरजण त्या दुपारी संपलं. त्याच्या बदल्यात गल्लीला कंपनीची पाकिटं मिळाली. प्रयोगशाळेत घडवलेलं विरजण, प्रत्येक पाकिटाची खूण वेगळी, चार-पाचदा लावलं की आपोआप मरणारं, म्हणजे नवीन पाकीट घेणं आलं. दर्जा खाली गेल्यामुळं दर निम्म्यावर आला. अक्काला पाकीटही नव्हतं. तिचं नाव कायमचं बाद झालं होतं. तिच्या जुन्या झाकणावर फोन धरला तर अजूनही तिचा हसरा फोटो येतो आणि खाली लाल अक्षरात कारण येतं.

रत्नानं कर्जाच्या दोन्ही म्हशी विकायला मिरजेच्या बाजारात नेल्या; घरची जुनी तेवढी राहिली. जाताना अक्काच्या दारावरून गेली. दुसरा रस्ता होता, पण मुद्दाम याच रस्त्यानं.

निम्म्या दराच्या दह्यासाठी कंपनीला स्वतंत्र गाडी परवडेना. पांढरी गाडी दुसऱ्या गावाला गेली. बसूला तिच्याबरोबर जा म्हणाले होते, त्यानं चावी परत केली. आषाढात त्यानं बॅग भरली.

"तुला सांगितलं होतं, कुठं जाऊ नगंस," अक्का म्हणाली.

"इथं आता काय वाहू आई?" तो म्हणाला. "आन रस्त्यात ती रत्नामावशी भेटती. काय म्हणत न्हाई, नुसती जेवलास काय इचारती." हैदराबादच्या एका गोदामात त्याला काम मिळालं होतं. थंड कप्प्यात, स्वेटर घालून.

अक्काची म्हैस दूध देतच होती. तिला पान बंद झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं. एका दिवशी अक्कानं दूध तापवून कोमट केलं आणि वाटी घेऊन रत्नाच्या दारात गेली. आयुष्यात ती पहिल्यांदाच विरजण मागायला निघाली होती, त्यामुळं वाटी कशी धरायची हेही तिला नीट जमत नव्हतं.

रत्नानं वाटीकडं बघितलं. "पाकिटातलं हाय अक्का. दुसऱ्या घरात सापडलं तर माझंबी नाव जातंय." मग तिला ते बोलणं फार कोरडं वाटलं असावं, कारण तिनं मागून जोडलं, "आन दिवेलागणबी झाली की. आता कसं द्यायचं?"

ऊन अजून भिंतीवर होतं. दोघींनीही त्याच्याकडं बघितलं नाही.

आता बेरीज करून टाकू. नाशिकच्या म्हातारीनं जीव दिला आणि तिच्या नातसुनेनं पोटातलं बाळ. त्या दोघींना हेरलगी कुठल्या नदीवर आहे हेही माहीत नव्हतं. रत्नानं म्हशी दिल्या आणि शेजारीण दिली. मठगल्लीनं विरजण दिलं, आणि त्याबरोबर वाटी घेऊन एकमेकींच्या दारात जायचं कारणही. केतकीनं बदली मागून घेतली, तिला ती मिळाली. कंपनीनं काही दिलं नाही. भरपाई विम्यातून गेली आणि पाकिटांना एक अख्खी गल्ली गिऱ्हाईक मिळाली. बसूनं गाव दिलं. अक्कानं हे सगळं ज्याच्यासाठी दुसऱ्यांच्या खात्यातून उचलून दिलं, तो रविवारी फोन करून जेवलीस काय विचारतो. फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा आहे. यातली बहुतेक देणी साखळीत पानोपानी नोंदलेली आहेत आणि ती कुणाला खोडता यायची नाहीत. अक्काच्या बर्फाची नोंद मात्र कुठल्याच पानावर नाही, त्यामुळं ते देणं फेडून घ्यायला तिच्या दारात कुणी येणारही नाही.